नव्या संडासाची जुनी गोष्ट : हळू गळती कशी शोधावी, कशी थांबवावी

(मंडळाच्या ‘घर आणि आपण’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत निघणाऱ्या अंकात अथर्वशीर्षावर लेख असावा, होळकरशाहीवर असावा, निदान एखादी पाककृती तरी असावी. आमच्या वाट्याला संडासाची गळती आली आहे. कार्यकारिणीत विषय निघाला तेव्हा एक-दोघे हसले. पण चहा येईपर्यंत त्याच दोघांनी आपापल्या घरची गळती सांगून टाकली. तेव्हाच ठरलं, की या विषयावर बोलायचंच.

आम्ही म्हणजे मंडळातले पाच-सहा जण. कोणी डिप्लोमावाले, कोणी आयटीआयवाले, एक काका वीज मंडळातून निवृत्त. रविवारी सकाळी मंडळातल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे जाऊन लहानसहान दुरुस्ती पाहतो. पंखा, बेल, नळ, दाराची कडी. गेल्या काही वर्षांत एक तक्रार वाढत चालली आहे : ‘अहो, आत्ताच कमोड बसवला, सगळं नवं आहे, तरी खाली ओल येते.’

याचं कारण उघड आहे. आपल्या जुन्या वाड्यांतून संडास परसदारी असे. तिथे थोडं पाणी पाझरलं तर केळीला जाई, कोणाचं काही अडत नसे. आता तो घरात आला, नव्हे, झोपायच्या खोलीला लागून आला. वरच्या मजल्यावरच्या संडासाखाली खालच्यांचं स्वयंपाकघर असतं, कधी देवघरही असतं. त्यातून गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, की उकिडवं बसता येत नाही. मग जुनं ओरिसा पॅन काढून त्याच जागी कमोड बसतो. जुन्या पाईपावर नवं भांडं, जुन्या फरशीवर नवी टाइल. गळतीला वाट मिळते ती बहुतेक या नव्या-जुन्याच्या सांध्यात.

थेंबाथेंबाची गळती क्षुल्लक वाटते म्हणून आधी साधा हिशेब करू. गळतीखाली वाटी ठेवा. तासाभरात 150 मिलिलीटरची एक वाटी भरली, तर दिवसाला 3.6 लिटर आणि वर्षाला 1,314 लिटर होतात. म्हणजे आपल्या गच्चीवरची 1,000 लिटरची टंकी सव्वा वेळा रिकामी झाली. आणि इंदुरात हे पाणी कुठून येतं? सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून. तिथून नर्मदा पंपांनी विंध्याचा घाट चढवून वांचू पॉइंटपर्यंत आणतात, मग ती उताराने शहराकडे येते. 1970 साली या पाण्यासाठी शहर रस्त्यावर उतरलं होतं आणि 1978 मध्ये नर्मदा घरात आली. त्या आंदोलनात घोषणा दिलेले काही जण आजही समोर बसले असतील. वीज जाळून घाट चढवलेलं पाणी आपण शेजाऱ्याच्या छतात मुरवतो, असा या गळतीचा अर्थ आहे.

पण पाण्यापेक्षा मोठं नुकसान आम्ही एका घरी पाहिलं, ते सांगतो. नाव-पत्ता सांगत नाही.

जुन्या वस्तीतलं दुमजली घर. वर काका-काकू, खाली भाडेकरू कुटुंब. मुलगा-सून पुण्याला. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर कमोड बसवून घेतला. महिन्याभरात खालच्या स्वयंपाकघराच्या छतावर ओलीचा डाग दिसला. इंदुरात आपण त्याला सीलन म्हणतो. मिस्तरीला बोलावलं, त्याने कमोडच्या बुडाशी चहूकडून व्हाइट सिमेंट भरलं. आठ दिवस बरं वाटलं. पुन्हा डाग. पुन्हा सिमेंट. तिसऱ्या वेळी मिस्तरीने फोन उचलणं बंद केलं. खालच्या मंडळींचं बोलणं कमी झालं. काकू रोज रात्री बुडाशी जुन्या लुगड्याची घडी ठेवत आणि सकाळी पिळून टाकत. आणि काकांनी संध्याकाळच्या चहानंतर पाणी पिणंच सोडलं होतं. का, तर रात्री उठावं लागू नये, फ्लश करावा लागू नये, खाली ओल जाऊ नये. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि दहा-वीस थेंबांसाठी पाणी तोडतो! हे ऐकलं तेव्हा आमच्या लक्षात आलं, की हे काम नळदुरुस्तीच्या यादीत शेवटी टाकायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. हळू गळती बुजवायची घाई करू नये. आधी तिला दिसू द्यावं. पाणी जिथे दिसतं तिथे ते गळत असतंच असं नाही. ते टाइलच्या सांध्यातून, पाईपाच्या कडेने, उतार मिळेल तिकडे जातं आणि भलतीकडे डोकं काढतं. डाग दिसला तिथे सिमेंट लावणं म्हणजे ताप आलेल्याच्या कपाळावर रंग लावण्यासारखं आहे.

म्हणून आम्ही प्रत्येक घरी आधी तीन प्रश्न विचारतो.

पहिला : पाणी केव्हा येतं? रात्रंदिवस सारखं येत असेल तर दोष दाबाच्या बाजूला, म्हणजे भिंतीतून निघणारा अँगल कॉक, त्यापासून टाकीपर्यंतचा कनेक्शन पाईप किंवा जेटचा नळ. फ्लश केल्यावरच येत असेल तर दोष टाकी आणि भांड्याच्या मधल्या सांध्यात किंवा भांडं जिथे मैल्याच्या पाईपाला जोडलं आहे तिथे. कोणी बसल्यावर-उठल्यावर येत असेल तर भांडंच हलतं आहे.

दुसरा : पाणी कसं आहे? स्वच्छ की घाण? स्वच्छ पाणी असेल तर खिशाचं नुकसान, घाण असेल तर आरोग्याचं. त्यात दिरंगाई नको. पण वास येत नाही म्हणून सांधा ठीक, असंही समजू नये. भरपूर पाण्याचा फ्लश असेल तर झिरपलेलं पाणी दिसायला स्वच्छच असतं.

तिसरा : हे खरंच गळतीचं पाणी आहे का? जेट वापरताना उडालेलं पाणी मागच्या कोपऱ्यात साचतं आणि लोक कमोडला दोष देतात. पावसाळी दमट हवेत बोअरचं गार पाणी टाकीत आलं, तर टाकीला बाहेरून घाम फुटू शकतो. हात फिरवून पाहा. टाकीच्या सगळ्या अंगावर बारीक थेंब असतील तर तो घाम, एकाच जागी धार असेल तर गळती.

यानंतर परीक्षा. तिला सामान लागतं ते एवढंच : कोरडं फडकं, जुनं वर्तमानपत्र, टॉर्च आणि खाण्याचा रंग. शाईसुद्धा चालते. होळीचा रंग नको, टाइलच्या सांध्यात तो कायमचा बसतो.

आधी सगळं कोरडं पुसून घ्या. अँगल कॉक, पाईपाची दोन्ही टोकं, टाकीचं बूड, टाकीखालचे बोल्ट, भांड्याचं बूड, मागची भिंत. मग प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा. बोटाला न जाणवणारा ओलावा कागद लगेच सांगतो. टाकीचं झाकण उघडून पाण्यात रंग टाका आणि अर्धा-पाऊण तास कोणी फ्लश करू नका.

आता पाहा. भांड्यातल्या पाण्यात रंग उतरला असेल तर टाकीच्या आतला फ्लश व्हॉल्व्ह नीट बसत नाही. ही गळती खाली कधीच दिसत नाही, टंकी मात्र रोज रिकामी होते. कागदावर बिनरंगाचं पाणी असेल तर ते टाकीत शिरायच्या आधीच गळतं आहे, म्हणजे कॉक किंवा पाईप. टाकीखालच्या कागदावर रंगीत डाग असेल तर टाकीचे बोल्ट किंवा मधला वॉशर. सगळं कोरडं असेल तर भांड्यातल्या पाण्यातही थोडा रंग टाका, फ्लश करा आणि पंधरा मिनिटं थांबा. आता बुडाशी रंग आला तर मैल्याच्या पाईपाचा सांधा किंवा क्वचित भांड्यालाच गेलेली बारीक चीर.

काका-काकूंकडे आम्ही हेच केलं. अर्धा तास सगळे कागद कोरडे. भांड्यातही रंग नाही. मग फ्लश केला. टाकीखालचा कागद कोरडाच. दहाएक मिनिटांनी मागच्या बाजूला, व्हाइट सिमेंटच्या एका बारीक भेगेतून केशरी रेघ निघाली. काकू म्हणाल्या, ‘जिलबीचा रंग!’ खरंच तोच होता.

गोष्ट स्पष्ट झाली. ओरिसा पॅनचा जुना पाईप फरशीतून वर येत होता. नव्या कमोडचं तोंड त्या पाईपाच्या मध्यावर नव्हतं, इंचभर बाजूला होतं. वर नवी टाइल जुन्या फरशीवरच चिकटवलेली, त्यामुळे पाईपाचं तोंड खोल गेलेलं. सरळ रबरी कनेक्टर तिरपा करून कसाबसा घुसवला होता. फ्लशचं बहुतेक पाणी पाईपात जाई, थोडं रबराच्या कडेने बाहेर. आणि बुडाशी चहूकडून सिमेंट भरलेलं, म्हणून त्या पाण्याला वर यायला वाट नव्हती. ते पाईपाच्या कडेने खाली भराव्यात आणि भराव्यातून छतात उतरत होतं. म्हणजे सिमेंटने गळती थांबली नव्हती, फक्त वरच्यांच्या डोळ्यांआड होऊन खालच्यांच्या डोक्यावर गेली होती.

इथे एक सांगायला हवं. आम्ही कमोड स्वतः उचलला नाही. भांडं उचलणं, पाईप कापणं हे मिस्तरीचं काम. काकांनी त्याच मिस्तरीला पुन्हा निरोप धाडला, पण निरोप वेगळा होता : ‘गळतंय, या’ असा नव्हे, तर ‘फ्लशनंतर दहा मिनिटांनी मागून गळतं, वरचं सगळं कोरडं आहे, कनेक्टर तिरपा आहे’ असा. दोष नेमका कळल्यावर माणूस येतो. तो आला, रंगाची परीक्षा त्यालाही दाखवली. त्याने भांडं काढलं, मोजमाप घेतलं, पाईपाला वरून तुकडा जोडून टाइलच्या पातळीला आणला आणि सरळ कनेक्टरच्या जागी मध्य सरकवून देणारा एक्सेंट्रिक कनेक्टर बसवला. भांडं हलू नये म्हणून खाली पातळ चकत्या देऊन स्क्रू आवळले. अर्ध्या दिवसाचं काम. बुडाच्या कडेने सिलिकॉन लावलं, ते मात्र मागे दोन इंच मोकळं सोडून. पुढेमागे काही झालंच तर पाणी तिथून बाहेर येईल, आपल्याला दिसेल, छतात जाणार नाही.

खालच्या छतावर आम्ही डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली होती. हीही युक्ती लक्षात ठेवा. भिजलेला स्लॅब वाळायला काही आठवडे लागतात, त्यामुळे दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी डाग तसाच दिसणार. डाग रेघेच्या बाहेर गेला नाही तर काम झालं. पूर्ण वाळल्याशिवाय रंग देऊ नका, पोपडे येतात. त्या घरी डाग रेघेच्या आतच राहिला आणि हळूहळू फिकट झाला. काका रात्री तांब्याभर पाणी उशाशी घेऊन झोपतात, असं काकूंनी मुद्दाम कळवलं.

प्रत्येक घरी एवढं मोठं काम निघत नाही. बहुतेक ठिकाणी दोष दहा-वीस रुपयांच्या वॉशरमध्ये सापडतो. आता एकेक पाहू.

अँगल कॉक भिंतीपाशी गळत असेल तर वरचं पाणी बंद करून तो काढावा, आटे पुसावेत आणि टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच, म्हणजे टोक आपल्याकडे धरल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, आठ-दहा वेढे ताणून गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर कॉक फिरवताना ती गोळा होते. जुने मिस्तरी सफेदा आणि सूत लावतात, तेही चालतं. पण पाना घालून जोर लावू नये. भिंतीत प्लॅस्टिकचा एल्बो असेल तर त्याला चीर जाते आणि मग टाइल फोडावी लागते.

कनेक्शन पाईपाच्या टोकाला मात्र टेपचं काम नाही. तिथे पाणी अडवतं ते आतलं रबरी वॉशर. ते तिरपं बसलं किंवा चिरलं असेल तर कितीही टेप गुंडाळा, गळणारच. नवं वॉशर टाका, नट हाताने घट्ट करा, वर पान्याने पाव फेरा. बस. टाकीकडचा नट प्लॅस्टिकचा असतो, तो जास्त आवळला की फुटतो.

टाकी आणि भांड्याच्या मधे जाड स्पंजासारखं वॉशर असतं आणि दोन बोल्ट. ते आवळताना आधी एक पूर्ण आणि मग दुसरा असं करू नये. थोडा हा, थोडा तो, आळीपाळीने. एका बाजूने ओढ बसली तर चिनीमातीला चीर जाते, आणि तिला दुरुस्ती नाही.

फ्लश व्हॉल्व्ह झिरपत असेल तर नव्या कामात पहिला संशय वाळूचा. बांधकामात पाईपात राहिलेली वाळू, टेपचा तुकडा, सिमेंटचा कण व्हॉल्व्हच्या रबराखाली अडकतो. व्हॉल्व्ह काढून रबर आणि त्याची बैठक धुतली की काम होतं. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरा थर साचतो, तो व्हिनेगर लावून काढावा. टाकीतली पातळी उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापेक्षा इंचभर खाली ठेवावी. वर असेल तर पाणी गुपचूप नळीतून भांड्यात जात राहतं आणि आपण उगीच वॉशर बदलत बसतो.

आणि दुरुस्ती झाल्यावर लगेच ‘झालं’ म्हणू नये. लागोपाठ दहा फ्लश करावेत, पुन्हा कोरडं पुसून कागद ठेवावेत आणि 24 तासांनी उचलावेत. गच्चीवरची टंकी भरलेली असताना परीक्षा घ्यावी. पाणी जितकं उंच तितका दाब जास्त, दर 10 मीटरला सुमारे 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. टंकी रिकामी होत आलेली असताना कोरडा दिसणारा सांधा ती भरल्यावर ओला होतो. घरात प्रेशर पंप असेल तर तोही चालू करून पाहावं.

ज्यांच्याकडे काम अजून व्हायचं आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. कमोड विकत घ्यायच्या आधी आपला पाईप फरशीतून आहे की भिंतीतून, आणि भिंतीपासून त्याचा मध्य किती इंचांवर आहे, ते मोजा. मोजायचं ते नव्या टाइलपासून, जुन्या भिंतीपासून नाही. फरशीतल्या पाईपासाठी भांडी 4, 9, 12 इंच अशा वेगवेगळ्या अंतरांची मिळतात. रंग आणि आकार पसंत करताना दुकानदाराला आधी हा आकडा सांगा. दुसरं, भांडं बसलं की सिमेंट किंवा सिलिकॉन लावायच्या आधी एक दिवस उघडं ठेवून रंगाची परीक्षा घ्या. मिस्तरीला घाई असते, पण त्याला चहा द्या, हरकत नाही, दिवस मात्र द्या. तिसरं, बिल आणि गॅरंटी कार्ड एका पाकिटात ठेवा. चौथं, घरातल्या प्रत्येकाला, अगदी दहा वर्षांच्या नातवालाही, अँगल कॉक कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो, ते दाखवून ठेवा. महिन्यातून एकदा तो बंद-चालू करावा, नाहीतर गरज पडेल त्या दिवशी जाम झालेला असतो.

मंडळी, आपली घरं तीन-तीन, चार-चार पिढ्यांची आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. घरात राहिले आहेत ते ज्येष्ठ. त्यांना कोणाला सांगायचा संकोच वाटतो, त्यातून विषय असा. मग लुगड्याची घडी ठेवून आणि पाणी कमी पिऊन ते दिवस काढतात. म्हणून विनंती एवढीच, की आपल्या मजल्यावर, आपल्या गल्लीत असं कोणी असेल तर स्वतःहून विचारा. सांगायला लाजणारे विचारल्यावर मात्र सांगतात.

मंडळाच्या कार्यालयात आम्ही एक पेटी ठेवली आहे. पाना, टेप, निरनिराळ्या मापांची वॉशरं, टॉर्च आणि खाण्याच्या रंगाची पुडी. वहीत नाव लिहून कोणीही घेऊन जावी, रविवारपर्यंत परत आणावी. पेटी आणायला जमत नसेल तर वहीत फक्त पत्ता लिहा, आम्ही येऊ.

गणपती बाप्पा मोरया!